सातशे वीस फुटांची रेघ

आमच्या पेंटरला नवी भिंत दाखवली, की तो आधी तिच्यावर तळहात ठेवायचा. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटून उभा. मागं सरपंच घड्याळ बघतोय, आम्ही चुळबुळ करतोय, याला त्याचं काही नाही. मग म्हणणार, "अजून ओल हाय आत. पुढल्या बाजारापर्यंत न्हाई जमायचं." दूध संस्थेचा सचिव म्हणून मी त्याच्याकडून पंधरा-वीस पाट्या तरी रंगवून घेतल्या असतील, पण एकदाही त्यानं माझ्या सोयीनं ब्रश उचलला नाही. मी त्याला वाट्टेल ते बोलायचो. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि रंग आपल्याच सवडीनं लावायचा.

त्याचं खरं नाव रेशन कार्डावर असेल तेवढंच. गाव त्याला पेंटर म्हणायचं, तो स्वतःही स्वतःला पेंटरच म्हणायचा. आम्ही दोघं चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. मग मी कडा गावच्या हायस्कुलात गेलो आणि तो बापाबरोबर चुन्याच्या कामाला. घर त्याचं भीमनगरात, माझं वरच्या आळीला. जयंतीची कमान तोच रंगवायचा, शाळेतले नकाशे तोच, संस्थेच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलच्या भिंतीही तोच. सकाळी एका भिंतीवर कपबशी, दुपारी समोरच्या भिंतीवर छत्री, आणि दोन्हींवर सारखीच मेहनत. तुझं मत कुणाला, असं कुणी खोदून विचारलं की म्हणायचा, "भिंत ज्याची त्याची. रंग माझा."

दुष्काळ येणार हे गावात सगळ्यांत आधी त्यालाच कळलं, असं मी आज म्हणतो. तेव्हा मात्र आम्ही हसलो होतो. एका दिवाळीच्या आधी तो संस्थेत आला आणि बाकावर बसून म्हणाला, "गावातल्या भिंती सुकायल्यात बे." मी म्हणालो, बरंय की, तुझं काम लवकर उरकेल. तो हसला नाही. चावडीजवळच्या भिंतींना भर उन्हाळ्यातही खालून हातभर ओल असायची म्हणे, तिथं विहीर आहे म्हणून. ती ओल आता पायाच्या दगडापर्यंत उतरली होती. हे असलं आम्ही कुणी कशाला बघतोय? आम्ही आभाळाकडं बघत होतो.

ती विहीर म्हणजे गावाचं गोडं पाणी. चाळीस फूट खोल, दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या. बाकी शिवारात पाणी मचूळ, म्हणून प्यायला सगळं गाव तिथंच. पाऊस हुकला तसा पेंटर दर शनिवारी तिच्यात उतरायला लागला. पाणी जिथं टेकलं असेल तिथं निळ्या रंगाचा एक पट्टा मारायचा आणि वर यायचा. पुढच्या शनिवारी त्याच्या खाली दुसरा. वरून डोकावलं की पट्ट्यांची उतरंड दिसायची. एका म्हाताऱ्यानं त्याला हटकलं, इहिरीत कशाला उतरतो म्हणून. पेंटर शांतपणे म्हणाला, "माझ्या आज्याला हिच्या काठाला हात लावू देत न्हवते. वरून ओंजळीत वतायचे. आता मी हिची निगा राखायलो, तर तुमाला अडचण कशाची?" म्हातारा काठी टेकत वाटेला लागला. मी शेजारीच होतो. ओतणाऱ्यांत माझे आजोबा होते, हे मला घरात ऐकून ठाऊक होतं. लाज वाटली, पण मी नुसतं आत पट्ट्यांकडं बघत राहिलो.

पट्टे खाली चालले होते, कारण गावभर बोअर चालले होते. विहीर आटतेय म्हणून बोअर घ्यायचा आणि बोअर घेतला म्हणून विहीर आटायची. पेंटरनं मग एक युक्ती काढली. ज्यानं बोअर घेतला त्याच्या दारच्या भिंतीवर बोअरची खोली रंगवायची. पाहून माणसाला वाटलं पाहिजे, आपण कुठवर खाली गेलो. पण आमचं गाव कसलं? लोक त्याला चहा पाजून आकडा मोठा काढून घ्यायला लागले. तीनशेवाला म्हणायचा, पाचशे लिही. एकानं आकड्याला पिवळी सावली मागितली. आणि मी? माझा सातशे वीस फुटांचा, गावात सगळ्यांत खोल. मी लाल रंगात काढून घेतला, भोवती वेलबुट्टीची चौकट. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून दारातली बैलगाडी बाजूला ओढून ठेवली. आज आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

पेंटर चार दिवस उदास होता. पाचव्या दिवशी कड्याच्या बाजारातून पांढऱ्या फक्कीची पोती घेऊन आला. कबड्डीचं मैदान आखतात ती फक्की. विहिरीच्या काठाला दोरीचं एक टोक बांधलं आणि ज्याच्या त्याच्या घराच्या दिशेनं जमिनीवर रेघा ओढायला लागला. ज्याचा बोअर जेवढा खोल, तेवढी लांब रेघ, अगदी फुटाला फूट. एक रेघ शाळेपर्यंत गेली. एक मारुतीच्या पारापाशी संपली. माझी रेघ विहिरीपासून निघाली, चावडी ओलांडली, दूध संस्था ओलांडली, माझ्या उंबऱ्यापाशी आली आणि तिथंही थांबेना. घराला वळसा घालून मागच्या उकिरड्यापर्यंत गेली.

भिंतीवरचा आकडा वाचता येतो, त्याच्यावरून चालता येत नाही. रेघेवरून लोक चालले. आधी पोरं, मग बाप्ये, मग बायका. माझी बायको टँकरवरून घागर घेऊन येत होती. तिनं घागर डोक्यावरून न उतरवता माझी रेघ विहिरीपासून शेवटापर्यंत चालून काढली. उकिरड्याशी पोचल्यावर मागं वळून बघितलं आणि मला म्हणाली, "एवढ्या खालून वडता तुमी? मग त्या चाळीस फुटात काय ऱ्हाईल?" आणि घागर घेऊन घरात गेली.

त्याच आठवड्यात ग्रामसभा झाली. खुर्च्यांवर बसून नाही, विहिरीच्या काठावर. ठराव असा, की पाऊस पडेपर्यंत बोअरचं पाणी फक्त माणसांना आणि गुरांना. ऊस, बागा सगळं बंद. एकेकानं पुढं यायचं, विहिरीवर हात ठेवून शब्द द्यायचा, की पेंटर लिंबाच्या डहाळीनं त्याची रेघ झाडून टाकणार. लोक येत गेले. उसवाले आले, माझ्या भावकीतले आले. मीही गेलो, हात ठेवला, शब्द दिला. पेंटरनं माझी एवढी लांब रेघ उकिरड्यापर्यंत वाकून वाकून झाडली. घाम पुसत परत आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लई बरं केलंस."

आणि मी शब्द मोडला. आता सांगायला काय लाजायचं? माझी मोसंबीची बाग होती, बारा वर्षांची. एकेक झाड मी स्वतः लावलेलं, कलम बांधलेलं. पानं गळायला लागली. ऊस गेला तर पुढच्या वर्षी लावता येतो. बाग गेली की गेली, माझ्या वयाला पुन्हा बारा वर्षं कुठून आणू? गुरांसाठी मोटार चालवायची मुभा होतीच. मी तासभर जादा चालवायला लागलो. गुरांचा हौद भरला की पाइपाचं तोंड ठिबकला जोडायचं. कुणाला कळतंय, मोटारीचा आवाज तोच की.

पण पट्टे काही थांबेनात. उसाचं, बागांचं पाणी बंद, तरी दर शनिवारी निळा पट्टा खालीच. विहिरीत आता पुरुषभर पाणी राहिलं होतं आणि टँकरचा नेम नव्हता. पेंटर असाच एका शनिवारी दूध घ्यायच्या वेळेला संस्थेत आला. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे. तो हळूच म्हणाला, "सचिव, माझं माप कुठंतरी चुकायलंय. डोळ्याला नीट दिसत न्हाई आताशा. जरा संग उतर अन् दोरी धर."

मी उतरलो. आत गारवा होता आणि शेवाळाचा वास. त्यानं दोरी माझ्या हातात दिली, स्वतः बुडालेल्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि वरून खाली एकेक पट्टा मला मोठ्यानं मोजायला लावला. ग्रामसभेनंतरच्या पहिल्या पट्ट्यापाशी आलो आणि मोजायचा थांबलो. तो ब्रश हातात धरून वाट बघत राहिला, ओल्या भिंतीपुढं राहायचा तसाच. मी म्हणालो, "पेंटर, माप तुझं बरोबर हाय. मोटार माझी चालू हाय." आणि मी पायरीवर बसून रडलो. पन्नाशीला आलेला माणूस, पण रडलो.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं ब्रश धुतला, वर चढला आणि फक्कीची बादली माझ्यापुढं ठेवली. "वड मग रेघ. तुझी हाय, तूच वड."

सकाळचे नऊ वाजले असतील. सगळं गाव उठून कामाला लागलेलं. मी विहिरीपासून वाकलो आणि ओढत निघालो. चावडीवर माणसं बसलेली, संस्थेपुढं किटल्यांची रांग, माझेच सभासद. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. रांग तेवढी बाजूला सरकली आणि मला वाट दिली. उकिरड्यापर्यंत पोचलो तेव्हा कंबर उचलत नव्हती. त्याच दुपारी माणसं बोलावून बोअरमधली मोटार वर काढली. सातशे वीस फूट पाइप बाहेर काढायला दिवस मावळला.

तिसऱ्या दिवशी आणखी दोघांनी आपापल्या रेघा पुन्हा ओढल्या, स्वतःहून. म्हणजे चोर मी एकटा नव्हतो. पुढच्या शनिवारी निळा पट्टा आधीच्या पट्ट्यावरच बसला. त्याच्या पुढच्याही. विहीर थांबली. गढूळ का होईना, घोटभर पाणी त्या उन्हाळ्यात गावानं आपल्याच विहिरीचं प्यालं.

बाग वाळली. झाडं तोडायला मला हात उचलवेना. पेंटर रोज सायंकाळी दोन घागरी घेऊन यायचा, त्याच्या घरच्या आंघोळीचं आणि भांड्याचं पाणी, आणि वाटेतल्या तीन झाडांच्या बुंध्याशी ओतून जायचा. मी म्हणायचो, अरे तीन झाडांनी काय होतंय? तो म्हणायचा, "बी तर ऱ्हाईल." ती तीन झाडं जगली. त्यांच्यावरूनच पुढं मी नवी कलमं बांधली.

पावसानंतर जिल्हाभरातल्या गावांतून माणसं त्याला न्यायला यायला लागली. उमापूरकडून आली, युसूफ वडगावकडून आली. आमच्याकडं बी वडून द्या रेघा म्हणायची. तो जायचा, पण फक्कीची बादली ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. एका ठिकाणी लोकांनी हार घालून त्याला मोठा कलाकार म्हटलं, तर हा घरी येऊन म्हणतो, "आपुन पाट्या रंगवणारे. रेघ वडायला काय अक्कल लागती? चालायला लागती."

पाचेक वर्षांनी तो गेला. छातीत दुखतंय म्हणून बीडला नेलं आणि तिथंच संपला. संस्थेनं विहिरीच्या काठावरच शोकसभा घेतली. सगळे चांगलं बोलले. बोलताना दोघा-तिघांनी माझंही नाव घेतलं. सचिवानं स्वतःहून चूक कबूल केली, भर दिवसा रेघ ओढली, म्हणून गावाला धीर आला, असं. मला ते सहन होईना. मी उठलो आणि सांगितलं, की स्वतःहून वगैरे काही नाही. त्यानं मला विहिरीत नेलं, माप चुकलंय असं म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं. त्याला कळलं नसतं, तर मी शेवटपर्यंत बागेला पाणी दिलं असतं.

सगळे खाली बघत होते. मला वाटलं, आता कुणीतरी थुंकेल माझ्यावर. तेवढ्यात पेंटरची बायको बोलली. ती बायकांत मागं बसली होती, डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "सचिव, सगळ्यांलाच ठावं होतं. तुमची ठिबक वली दिसायची. माणसं मोटार फोडायला निघालती. ह्यांनी घरोघर जाऊन हात जोडले. म्हनले, थांबा जरा, त्यो आपल्या पायानं येईल. आठ दिस थांबा."

मी बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली. तिलाही ठाऊक होतं.

ते आठ दिवसही माझी मोटार चालू होती, आणि सगळं गाव हंडे पालथे घालून माझी वाट बघत बसलं होतं.