रस्ता राज्याचा, मजकूर माझा

मी इथे अमेरिकेत काउंटीच्या वाहतूक विभागात काम करते असं सांगितलं, की महाराष्ट्र मंडळातल्या काकू लगेच म्हणतात, "मग आमच्या कोपऱ्यावर एक स्टॉप साइन लावून दे ना गं!" काउंटी म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषद समजा. पण आमच्या राज्यात काउंटीतले बहुतेक सगळे रस्ते राज्य सरकारच्या ताब्यात आहेत. आम्ही शिफारस करायची, नकाशा जोडायचा आणि उत्तराची वाट बघायची. काकूंना वाटतं, ही टाळतेय. वाटू दे!

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. पंचायत समितीतून गटविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस, उभा तालुका जीपने पालथा घातलेला. इथे त्यांना ड्राइव्ह करता येत नाही. भाजी आणायला जावई, डॉक्टरकडे जायला मी. एकच ठिकाण त्यांचं स्वतःचं होतं, घरासमोरच्या चौपदरी रस्त्यापलीकडची लायब्ररी. तिथे चार निवृत्त काका जमायचे, पेपर चाळायचे आणि आपापल्या मुला-सुनांच्या कागाळ्या करायचे. बाबा दहाला निघायचे, एकला परत यायचे, कुणालाही न विचारता. ते तीन तास सोडले तर ते आमच्या घरात पाहुण्यासारखेच राहत होते. मला ते दिसत होतं आणि त्याचा त्रासही होत होता.

त्या रस्त्यावर झेब्रा पट्टे नव्हते. सिग्नल होता तो मैलभर लांब, आणि तिथवर धड फुटपाथ नाही. पुढे डेटा सेंटरच्या बांधकामांचे ट्रक सुरू झाले. एकदा बाबा मधल्या दुभाजकावर अर्धा तास अडकून उभे राहिले. शेजारणीने मला ऑफिसात फोन करून कळवलं. घरी आल्या आल्या मी तोंड सोडलं. "बाबा, यापुढे एकट्याने ओलांडायचं नाही. सांगून ठेवते!"

"मग पट्टे मारून घे," ते शांतपणे म्हणाले. "तुझंच खातं ना?"

"रस्ता आमचा नाही हो! राज्याचा आहे!"

"असं होय," म्हणाले, आणि लॅपटॉप मागितला.

पुढचा घोळ फक्त आपलाच माणूस घालू शकतो. इथे लोक एका खात्याला ईमेल करतात आणि थांबतात. बाबांनी दोन पानी अर्ज लिहिला, 'सविनय सादर' वगैरे सगळं इंग्रजीत बसवून, आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून यादी जोडली. राज्याचे गव्हर्नर, म्हणजे इथले मुख्यमंत्रीच, रस्ते खातं, काउंटीचे अध्यक्ष आणि शेवटी माझी बॉस. शिवाय अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात, माझी कन्या काउंटीच्याच कार्यालयात आहे, तिलाही या प्रश्नाची पूर्ण कल्पना आहे! बॉसने कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "हे तुझे वडील?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाबा, असं वरून दडपण आणत नाहीत इथे!"

"दडपण कसलं? प्रत माहितीसाठी आहे."

त्याच आठवड्यात बॉसने मला एक काम दिलं होतं. रस्त्यांबाबतचे निर्णय वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, राज्यांवर जास्त सोपवावेत का, यावर काउंटीचं मत राज्यामार्फत पाठवायचं होतं. मी झोकात लिहिलं, जरूर सोपवावेत, निर्णय लोकांच्या जितका जवळ तितका बरा. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो मसुदा पडला होता. बाबांनी चष्मा लावून वाचला.

"पंचायतींना अधिकार मिळणार म्हणून कायदा झाला, तेव्हा आम्हीही ऑफिसात पेढे वाटले होते," ते म्हणाले. "दिल्लीहून निघालेले अधिकार मुंबईत मुक्कामाला थांबले. आमच्यापर्यंत परिपत्रकं आली."

मी चिडले, पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. मग मी एक वाक्य वाढवलं. राज्याला अधिकार द्या, पण माणसाने रस्ता कुठे ओलांडायचा हे ठरवणं काउंटीकडे सोपवण्याची अट घाला. बॉस ते खोडेल अशी माझी खात्री होती. तिने ते ठेवलं. राज्याकडून पोच आली, बाकी काही आलं नाही.

बाबांच्या अर्जावर मात्र राज्याचं उत्तर आमच्या ऑफिसात आलं, आणि ते बघून मी कपाळावर हात मारला. हा स्थानिक प्रश्न आहे, तरी काउंटीने अर्जदाराला परस्पर कळवावं! अर्ज फिरून माझ्याच टेबलावर. मी बॉसला म्हटलं, मी नाही लिहिणार. ती म्हणाली, सही मी करते, मजकूर तू कर, तू नीट लिहितेस. मग मी नीट लिहिलं. आपली अडचण आम्हाला समजते, आम्ही शिफारस पाठवली आहे, परंतु निर्णय आमच्या अधिकारात नाही.

चार दिवसांनी पत्र घरी आलं. बाबांनी खिडकीशी उभं राहून वाचलं.

"मजकूर तुझा आहे."

"हो." मला रडूच आलं.

"चांगला आहे. मी इतका सभ्य कधी लिहिला नव्हता." ते बसले. "एका गावची सरपंच होती. ओढ्यावर साकव मागायची, पोरांना शाळेत जायला. तिला मी असंच पत्र तीन वेळा पाठवलं. चौथ्यांदा ती स्वतः आली, तर मी फाइलमधून मान वर केली नाही. वाटायचं, हिला कळत कसं नाही, माझ्या हातात नाही म्हणून."

"मग साकव झाला?"

"माझी बदली झाली."

दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते. दहाला बाबांनी बूट घातले, टोपी घातली, दारापर्यंत गेले. मी कान टवकारून बसले होते, पण दार वाजलं नाही. थोड्या वेळाने ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"तुझी मीटिंग कधी संपते?"

"अकराला. का हो?"

"काही नाही. संपली की मला पलीकडे सोडशील का?" ते म्हणाले, आणि बूट न काढता सोफ्यावर जाऊन बसले.