काट्याच्या तीन उड्या

ड्रॉवर आवरताना इंजिनातला दाब मोजायचा जुना कॉम्प्रेशन गेज हाती लागला, अजून जळक्या ऑइलचा वास असलेला. काही वर्षांपूर्वी ऑफिसातला एक मित्र रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारी, जुनी जपानी गाडी घेणार होता, माझ्या भरवशावर. सियागंज बाजारामागच्या गॅरेजात मी स्पार्क प्लगच्या जागी हा गेज लावला आणि मित्राने स्टार्टर मारला. काटा वर गेला आणि तिथेच थांबला. "इंजिन एकदम फिट," मी म्हणालो. "पक्कं ना?" "अरे, पक्कं!" गॅरेजवाले म्हातारे मिस्त्री तंबाखू मळत होते. "भिया, रोटर के तीन मुँह होते हैं. आपका गेज सबसे अच्छा वाला पकड़ के बैठ गया." त्यांनी गेजमधला हवा अडवून धरणारा बारीक वाल्व काढला आणि पुन्हा स्टार्टर मारायला लावला. आता काटा थांबेना. दोनदा जोरात उडाला, तिसऱ्यांदा नुसता हलला. पुन्हा दोनदा उडाला, पुन्हा हलला. एका बाजूचं सील गेलं होतं. मित्राने गाडी घेतली नाही. त्यानंतर गाड्यांबद्दल मला कधी काही विचारलं नाही. तो वाल्व मी अजून परत बसवलेला नाही.