पत्रिका नको, रक्त तपासा

डॉक्टर म्हणाले, "सिकल सेल आहे. मुलीला आईकडूनही आलंय आणि वडिलांकडूनही." मी नुसतं "बरं" म्हणाले. रडू आलं नाही. नागपूरच्या धंतोलीतल्या त्या दवाखान्यात बाहेर नंबर पुकारत होते, तेच ऐकत बसले.

तिच्या हातापायांची बोटं सुजली, तेव्हा आम्हाला थंडीमुळे वाटलं. शेक दिला. मग ताप, मग रात्रंदिवस किंचाळणं. मग एचपीएलसी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे ते दाखवणारी तपासणी. आधी तिची, मग आम्हा नवराबायकोची. आम्ही दोघंही वाहक निघालो. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो. पण दोघं वाहक असले, तर दर वेळी बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक.

"लग्नाआधी तपासलं नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं.

नव्हतं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात लग्नासाठी पत्रिका, गुण काही जुळवत नाहीत. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. "माणूस पाहायचा, बाकी काही नाही," हे मी नातेवाइकांना ठणकावून सांगायची. पत्रिका मी आजही कोणाला काढू देणार नाही. पण माझं ते वाक्य अपुरं होतं. ते कळायला लेकीची बोटं सुजावी लागली.

ती आता रोज हायड्रॉक्सीयुरिया घेते. त्यानं दुखण्याचे झटके कमी येतात. मी औषध देते, पाणी पाजते. दिवस जातो.

तेवढ्यात धाकट्या भावाचं लग्न जुळत आलं. मी तपासणीचं काढलं तशी आई भडकली.

"काहून वं, इतकी शिकून शेवटी जुळवाजुळवीवरच आली का?"

"पत्रिका नाही आई, रक्त."

"पोरीत खोट पाहून राहिले म्हणतीन ना थे लोक!"

"मंग पहिले आपल्या पोराचं रक्त देऊ."

भाऊ वाहक निघाला. आई माझ्याशी बोलेना. भावानं मात्र स्वतःच जाऊन प्रणालीला, त्याच्या होणाऱ्या बायकोला, सगळं सांगितलं. सोयरीक मोडली असं धरूनच मी बसले होते. तसंही मला हल्ली कशाचंच काही वाटत नव्हतं.

तुमच्या घरी लग्न ठरत असेल, तर आधी दोघांचं रक्त तपासलं का, हे विचारा. लोक बोलतील. बोलू द्या.

काल प्रणालीचा फोन आला.

"ताई, ती तपासणी उपाशीपोटी करा लागते का?"

कितीतरी दिवसांनी मला रडू आलं.

"नाही वं," मी म्हटलं, "जेवून ये. मी येतो सोबत."