दोन्ही वाट्यांत पेढा

आमच्या आत्याची परीक्षा कधी चुकत नसे. गावात कुणाचंही डोहाळजेवण असलं की झाकलेल्या दोन वाट्या तीच मांडायची, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पोटुशी बाई एक वाटी उघडणार. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आत्याने मांडलेल्या वाट्यांतून दरवेळी पेढाच निघायचा, आणि तिच्या हाताला यश आहे असं बायका म्हणायच्या. यश होतंच. डहाणूच्या मिठाईवाल्याकडून सामान मी आणत असे, आणि बर्फी आण म्हणून आत्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

पुढे मुलगी झालीच, तर आत्याकडे कारणांची कोठी भरलेली असायची. वाटी डाव्या हाताने उचलली, ग्रहणात भाजी चिरली, वरोरला माहेरी जाताना भरल्या खाडीकडे बघितलं. पडली तरी नाक वर. माझ्या आईच्या वेळीही पेढाच निघाला होता. मग मी झाले. आईने म्हणे वाटी डाव्या हाताने उचलली होती.

मी झाले खरी, पण वाढणं मध्येच सोडून दिलं. बरोबरीच्या मुली लग्न होऊन पोराबाळांच्या झाल्या, तरी मी फळीवरचा डबा काढायला चिकूच्या उपड्या करंडीवर चढत होते. पाळीही आली नाही. नवस झाले, काढे झाले, शेवटी वडील मला मुंबईच्या एका इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लाकडी पट्टीने माझ्या गालाच्या आतून थोडं खरवडून काचेवर पसरलं. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं, की बायकांच्या पेशींत एक ठिपका दिसतो, तो माझ्या पेशींत नाही. आणि आजच्या शास्त्राप्रमाणे त्याचा अर्थ असा, की पेशींच्या हिशेबाने मी पुरुष. हे सांगताना बाईंनी माझा हात धरून ठेवला होता. घरी आल्यावर वडिलांनी ते आत्याच्या कानावर घातलं.

आत्याने ऐकलं मात्र, आणि तिचा चेहरा उजळला.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पेढा निघाला होता."

मुंबईचं शास्त्र आणि आमची आत्या यांचं असं एकमत झालं. माझं मत कुणी विचारलं नाही. मी वाडीत चिकूच्या झाडांमागे जाऊन हमसून रडले. साडी नेसलेली, केसांत अबोली माळलेली मी, मग होते तरी कोण?

त्याच सुमारास वहिनीला दिवस गेले. वहिनी वेवजीकडची, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. घरात एकच घोर लागला, की मूल नणंदेच्या वळणावर गेलं तर? भाऊ मुंबईला जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आला. बाई म्हणाल्या, पोटातल्या मुलाचं असलं काही आधी सांगता येत नाही, पण हा प्रकार सहसा घराण्यात चालत नाही, निश्चिंत राहा. "सांगता येत नाही" म्हणणारा डॉक्टर कसला? आत्याला तर सगळंच सांगता येत होतं. तिने ठरवलं, की बाळंतपण होईपर्यंत माझा हात काय, माझी सावलीही वहिनीवर पडू द्यायची नाही. शास्त्राने नुकताच पुरुष ठरवलेला माणूस डोहाळजेवणात हवाच कशाला, असंही ती म्हणाली. तिला शास्त्र असं हवं तेव्हा पटायचं.

डोहाळजेवणाच्या दिवशी मी मागच्या पडवीत चिकू निवडत बसले होते. पुढे झोपाळ्यावर वहिनी, भोवती गावच्या बायका. गाणी संपली, वाट्या आल्या, आणि वहिनीने हात मागे घेतला.

"वाट्या वन्संच्या हातून येऊ द्या," ती म्हणाली. "नाहीतर मी उठते."

भरल्या झोपाळ्यावरून पोटुशी उठली तर अपशकुन. आत्या तिच्याच शास्त्रात सापडली. मला बोलावणं आलं. चिकूच्या चिकाने माखलेल्या हातांनी मी तबक धरलं. वहिनीने एक वाटी उघडली. पेढा. बायकांनी कौतुक केलं. मग तिने, कुणी कधीच करत नाही ते केलं आणि दुसरी वाटीही उघडली. पेढा.

वहिनी माझ्याकडे बघत होती. मला हसू आवरेना. आत्याचं मात्र एक मानलं पाहिजे, ती क्षणभरही गडबडली नाही. जुळे आहेत, दोन्ही मुलगे, असं तिने जाहीर करून टाकलं.

यथावकाश वहिनीला मुलगी झाली. एकच. हातपाय धड, रडणं खणखणीत. घरच्यांनी मात्र सुटकेचा श्वास अर्धाच सोडला, कारण मीही जन्मले तेव्हा धडच होते. ही खरंच वाढते का, ते बघायला हवं होतं. दर दिवाळीत आत्या तिला माझ्या पाठीला पाठ लावून उभी करू लागली. ज्या दिवशी पोरगी माझ्या वर जाईल त्या दिवशी गावभर पेढे वाटीन, असा ती नवस बोलली. घरात काहीच उपयोग नसलेल्या मला एक काम मिळालं. मी मोजपट्टी झाले.

मधल्या काळात डॉक्टरीणबाईंचा निरोप आला म्हणून पुन्हा मुंबईला गेले. पूर्वी सांगितलेला अर्थ चुकीचा होता, असं त्यांनी सरळ कबूल केलं. नवा शोध लागला होता: बायकांच्या पेशींत एका जातीचे दोन धागे असतात, माझ्यात त्यातला एकच असावा. मी पुरुष नव्हते, कधीच नव्हते. हा तरी शेवटचा निकाल का, असं वडिलांनी विचारलं. आजपुरता, बाई म्हणाल्या. माझ्याविषयी भाकित केलेल्या सगळ्या शहाण्यांत "चुकलं" म्हणणारी ही एकटीच, म्हणून तिच्यावर माझा विश्वास बसला. आत्याने हे ऐकून घेतलं आणि मुंबईला हल्ली काही कळत नाही, असा निर्वाळा दिला.

भाची वाढत गेली. साठचं दशक सरत आलं तेव्हा ती उंचीने माझ्या कानापर्यंत पोचली, मग कपाळापर्यंत. त्या दिवाळीला आत्याने पेढ्यांची टोपली आधीच आणून ठेवली. आम्ही पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो. आत्याला आता नीट दिसत नव्हतं, तिने दोघींच्या डोक्यांवर हात ठेवले आणि चाचपडत राहिली.

"अजून नाही," ती खट्टू होऊन म्हणाली.

पण माझ्या पाठीला कळलं होतं. पोरीची पाठ हळूच खाली घसरली होती. परकराच्या आत तिने गुडघे वाकवले होते. पेढे कशाचे, हे तिला घरात कुणी सांगितलेलं नव्हतं. तिचं तिलाच समजलं होतं.

मी हात मागे नेऊन तिचं मनगट धरलं.

"सरळ उभी राहा गं," मी म्हटलं. "मला पेढे आवडतात."