ढालवालीचा नंबर शेवटचा

माझी नात कॉलेजात आहे. तिने लढाईचा एक खेळ बनवलाय. रविवारी दुपारी तिची मैत्रीण घाटकोपरहून आणि एक मित्र मुलुंडहून, असे दोघं आमच्या विक्रोळीच्या खोलीत येतात. प्रत्येकाने एक लढवय्या घ्यायचा, तो काय करतो ते तोंडाने सांगायचं आणि फासा टाकायचा. शत्रू नात चालवते.

आमची ही जायच्या आधी त्यांच्यात बसायची. मैत्रिणीकडे तलवार, मित्राकडे धनुष्य, हिच्याकडे ढाल. आपला नंबर कधी घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. ही कायम शेवटी. घरात जेवायलाही शेवटीच बसायची, पातेल्यात काय उरलं ते बघून. खेळातही तेच. "तुमचं होऊ द्या," म्हणायची आणि ज्याच्यावर घाव येईल त्याच्यापुढे ढाल धरायची. वाटेल तितक्यांदा. ती होती तोवर कोणी मेलं नाही.

ती गेल्यावर तिच्या जागी मी बसलो. सातवी शिकलेला माणूस, मला त्यातलं काय कळतंय? पण तिची ढालवाली माझ्या हातात होती. तेवढं मला पुरायचं.

एके रविवारी नात म्हणाली, "आबा, ढालवालीचा रूल बदलावा लागेल."

"का? तिने काय घोडं मारलंय?"

"तीच भारी पडते रे. हे दोघं नुसते मिरवतात. तलवार घ्या नाहीतर धनुष्य घ्या, फरकच पडत नाही. कोणी मरतच नाही, तर लढाई कसली?"

मित्र म्हणाला, "आजोबा, आजी खेळायला बसल्या की शत्रूची वाटच लागायची ना."

नवा रूल असा, की एका फेरीत ढाल एकदाच धरायची. "तू आजीसारखाच खेळ, म्हणजे कळेल," नात म्हणाली. मी बसलो. हा रूल चालत नाही, एवढंच मला दाखवायचं होतं.

पहिला घाव मित्रावर आला. मी ढाल धरली. दुसरा मैत्रिणीवर.

"धरली," मी म्हटलं.

"आबा, एकदाच."

"अगं, मरेल ती."

"मरू दे ना. आता यांना डोकं लावू दे."

मैत्रीण पडली. एरवी लांब उभा राहणारा मित्र धनुष्य टाकून तिला ओढायला धावला. ती मेली तरी हसत होती, "आता मजा आली," म्हणाली. नात खूश. तिघं सारखे झाले होते. खेळ चांगला झाला होता, ते मलाही दिसत होतं.

पुढच्या रविवारी मी उठलो नाही. गुडघा दुखतोय म्हणालो. नात म्हणाली, "ठीक आहे, आज दोघांवरच भागवतो." मी भिंतीकडे तोंड करून ऐकत पडलो. वाटलं, अडतील, मग हाक मारतील. ते एकमेकांवर ओरडत, हसत शेवटपर्यंत गेले आणि जिंकले.

नात चहा घेऊन आली. "आबा, जमलं बघ. आता ढालवाली नसली तरी चालतं."

"बरं झालं," मी म्हटलं आणि कप घेतला.