दुसरी ठिणगी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भागीदारालाही नाही. त्यांना कधी संशयही आला नाही, कारण त्या दिवशी मी जे केलं ते भर सकाळी, सगळ्यांच्या समोर केलं. लोकांनी पाहिलं आणि त्यांना पटलं.

आधी कामाचं सांगतो. ते मला चांगलं येतं.

बुलढाण्यात आमचं वर्कशॉप आहे. यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या सर्किटांसाठी मी प्रोग्राम लिहितो. तुमचा कॉम्प्युटर अडकला तर तुम्ही तो बंद करून पुन्हा चालू करता, चहा घेता. यंत्रातल्या प्रोग्रामला ही सवलत नाही. समोर मोटर फिरत असते, कधी कोणाचा हात असतो. तिथे बरोबर उत्तर वेळेत यावं लागतं, आणि दर वेळी यावं लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर आमच्याकडे चूक धरतात.

घाटाखाली, संग्रामपूरच्या बाजूला एक जिनिंग आहे, कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. नाव सांगत नाही. तिथे आम्ही ठिणगी पकडणारं यंत्र बसवलं होतं. कापसासोबत खडे येतात, कधी खिळा येतो. तो सरकी काढणाऱ्या गिनच्या रोलरवर घासला की ठिणगी उडते आणि रुईत लपते. मग ब्लोअर ती रुई मोठ्या पाइपातून गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या शेडकडे ओढतो, आणि शेडमध्ये रुईचा ढीग असतो. आमचं यंत्र पाइपात बसवलेल्या डोळ्याने, म्हणजे सेन्सरने, ती ठिणगी बघायचं आणि पुढची झडप फिरवून तेवढी रुई बाहेर अंगणात फेकायचं. डोळ्यापासून झडपेपर्यंत पोचायला रुईला क्षणभरच लागतो. प्रोग्रामला मिळायचा तो तेवढा क्षण.

पहिला प्रोग्राम चोख होता. त्याला एकच काम होतं.

मग जिनिंगचे मालक सेठजी म्हणाले, झडप फिरली की माझ्या मोबाईलवर मेसेज यायला पाहिजे. मागणी चुकीची नव्हती. मी ती एका बैठकीत उरकली — तिथेच घाई झाली. झडप फिरायची, परत जागेवर यायची, मग मेसेज जायचा. मेसेज गेल्याची खात्री होईपर्यंत प्रोग्राम तिथेच थांबायचा. तेवढा वेळ डोळा बघत असायचा, पण त्याचं ऐकायला कोणी नसायचं.

बुलढाण्यात हे लक्षात आलं नसतं. आमच्या टेबलावर मोबाईलला पूर्ण रेंज होती आणि मेसेज लगेच जायचा. पण सातपुड्याच्या पायथ्याला रेंज येते-जाते. नवा प्रोग्राम टाकला त्या दिवशी मी आणि सेठजी मेसेजची वाट बघत उभे होतो. सेठजी हसून म्हणाले, "तुमचा मेसेज पायी येऊन राह्यला वाटते." मीही हसलो. हसताना मला कळलं होतं की प्रोग्राम थांबलाय. मनात म्हटलं, दोन ठिणग्या लागोपाठ कशाला येतील?

का नाही येणार? खिळा एकदा घासून थोडाच थांबतो? गिनजवळ काम करणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. मलाही होतं.

पण ही झाली चूक. चुका प्रत्येकाच्या प्रोग्रामात असतात. त्यासाठी मी हे लिहायला बसलो नसतो.

हंगाम जोरात असताना एका दुपारी प्रेसच्या शेडला आग लागली. माणसं वाचली. रुईचा ढीग गेला, पत्रे वाकले. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा आगीचं कारण ठरून गेलं होतं — विडी. जिनिंगमध्ये आग लागली की पहिलं नाव विडीचं निघतं. आणि विडी म्हटलं की तिथे गुलाबरावांचं.

गुलाबराव शेडमध्ये पाइपाखाली सांडलेली रुई गोळा करायचे. एकेकाळी विडी खूप ओढायचे, पोरं त्यांना चिमणी म्हणायची. त्या दिवाळीला त्यांनी विडी सोडली होती. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, बायकोसमोर. बायको इंदूबाई त्याच जिनिंगमध्ये गिनवर कापूस टाकायच्या. नवऱ्याने विडी सोडली हे त्यांनी सगळ्या बायांना सांगितलं होतं. बायांनी हसण्यावारी नेलं. इंदूबाईंनी मात्र मानलं होतं.

सेठजींनी मला मोबाईल दाखवला. "हे पाहा, मेसेज आला होता. झडप फिरली. तुमची मशीन बरोबर हाये."

त्या मेसेजवरून सेठजींना यंत्र बरोबर वाटलं. मला त्याच मेसेजवरून सगळं कळलं. पहिली ठिणगी यंत्राने पकडली, झडप फिरली, परत आली, आणि प्रोग्राम मेसेज पाठवायला थांबला. मागून दुसरी ठिणगी आली आणि सरळ शेडमध्ये गेली. मोबाईल हातात धरून मी हे सगळं समजून घेतलं — आणि होकारार्थी मान हलवली.

तेव्हाच बोललो असतो तर? हा प्रश्न मी टाळत नाही. बोललो असतो तर आमचं नाव गेलं असतं, पुढची कामं गेली असती. गुलाबराव वाचले असते. हा हिशोब मला तिथल्या तिथे जमला, आणि मी माझी बाजू निवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठजींनी सगळ्यांना पाइपापाशी बोलावलं. मला म्हणाले, "दाखवा या लोकायले एकदा."

मी गॅस पेटवायचा लायटर घेतला. डोळ्याजवळची खिडकी उघडली आणि एक ठिणगी पाडली. झडप खाडकन फिरली. दोन-चार जण दचकले. झडप परत जागेवर आली — आणि मी बोलायला लागलो. डोळा कसा बघतो, झडप किती चपळ आहे, सगळं समजावून सांगितलं. लोक ऐकत होते. मी मात्र सेठजींच्या खिशाकडे कान लावून होतो. मोबाईल वाजला तेव्हा थांबलो आणि दुसरी ठिणगी पाडली. झडप फिरली. मग पुन्हा समजावणं, पुन्हा मोबाईल, पुन्हा ठिणगी.

मला सांगायचं होतं ते हे. मी तिथे यंत्र तपासलं नाही. जी तपासणी त्याला नापास करू शकली असती, तेवढीच सोडून बाकी सगळ्या करून दाखवल्या. आणि हे मी अडखळत केलं नाही — सराईतपणे केलं.

"आता एक डोळा गुलाबदादाच्या तोंडासमोर बसवा साहेब," मागून एक जण म्हणाला. "त्याचा धूर पकडते का पाहू!"

हशा पिकला.

"म्या दिवाळीपासून हात लावला नाही बे," गुलाबराव म्हणाले. "काऊन खोटं बोलू?"

"मंग काय मशीन खोटं बोलते, दादा?"

पुन्हा हशा. इंदूबाई हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या आणि सरळ मला विचारलं, "साहेब, तुमची मशीन चुकत नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

त्या सगळ्या प्रकारात मी उघड खोटं बोललो ते एवढंच. एक शब्द. त्या नवऱ्याकडे वळल्या. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता तुमी," म्हणाल्या, आणि गिनकडे निघून गेल्या. गुलाबराव त्यांच्या मागे गेले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या नजरेत. आपल्याच बाबतीत आपल्याला काही माहीत नसल्यासारखे ते बघत होते.

मजुरांच्या ठेकेदाराने त्यांना त्याच दिवशी कामावरून कमी केलं.

थोड्या दिवसांनी मी "नेहमीची देखभाल" म्हणून गेलो आणि प्रोग्राम बदलला. मेसेज पाठवणं वेगळं काढलं, त्याला सगळ्यात खालची जागा दिली. ठिणगी दिसली की हातातलं काहीही टाकून आधी झडप. मेसेज गेला तर गेला. काम सोपं होतं. सेठजींनी चहा पाजला, मी पैसे घेतले नाहीत म्हणून कौतुक केलं.

आज आमची यंत्रं विश्वासाची आहेत, हे मी छातीठोक सांगतो. वर्कशॉपमध्ये माझा नियम आहे: कुठलंही यंत्र तपासताना पहिल्या ठिणगीपाठोपाठ दुसरी द्यायची, मध्ये श्वास घ्यायला वेळ द्यायचा नाही. नवी पोरं विचारतात, हा नियम कुठून आला? मी म्हणतो, अनुभवातून. पोरं मान डोलावतात.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात संग्रामपूरच्या बसस्टँडवर गुलाबराव भेटले. टपरीशेजारी बसले होते. मला वाटलं, ओळख दाखवणार नाहीत. पण उठून आले, राम राम केला, घाटावर ऊन कसं म्हणून विचारलं. मीही घरचं विचारलं.

"इंदू हाये तिथंच. बोलते कामापुरती." त्यांनी खिशातून विडी काढली. "सोडली होती तवा कोनी मानलं नाही. आता वढतो त कोनी काही म्हनत नाही." मग त्यांनी दोन्ही खिसे चाचपले. "माचिस हाये का साहेब तुमच्याजवळ?"

बस यायला वेळ होता. टपरीवर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आजूबाजूला ऐकणारं कोणी नव्हतं. बोलायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

मी टपरीवरून माचिस घेतली आणि त्यांच्या हातात दिली.