गार्डसाहेबांचा न वापरलेला कॅमेरा

कॅमेरा घ्यायचा तर दुकानातून, पक्क्या बिलावर घे, असं माझा नवरा सांगत होता. पण नव्याची किंमत ऐकून आम्ही दोघंही गप्प बसलो होतो, आणि मला तर कॅमेरा हवाच होता. पालमच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. पुस्तकातले किडे वेगळे आणि आमच्या कापसावरचे वेगळे, हे दरवर्षी नुसतं तोंडी सांगून मी कंटाळले होते. फोन घेऊन जवळ जावं तर किडा उडून जायचा. तारेवर बसलेला नीलकंठ फोनमध्ये काळ्या ठिपक्यासारखा दिसायचा.

शेवटी फोनवरच एक जाहिरात सापडली. पूर्णेचे एक रेल्वे गार्ड नुकतेच रिटायर झाले होते, त्यांना आपला डीएसएलआर विकायचा होता. अगदी शिकाऊ माणसाचा नाही आणि लग्नाचे अल्बम करणाऱ्यांचा भारीतलाही नाही, असा मधल्या दर्जाचा. खाली लिहिलं होतं, ‘क्वचितच वापरलेला.’

त्या ‘क्वचितच’वर माझा पहिल्यापासून विश्वास बसला नाही. संशय माझ्या रक्तात आहे. माझे वडील बाजार समितीत मापाडी होते. माल मोजताना काट्याकडे बघू नये, काट्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायाकडे बघावं, असं ते आम्हा बहिणींना सांगत. त्यामुळे मी भाजी घेतानाही भाजीवाल्याचे पाय बघते.

एका रविवारी मी एसटीने पूर्णेला गेले. रेल्वे कॉलनीच्या मागच्या अंगाला गार्डसाहेबांचं स्वतःचं घर होतं. माणूस उंच, बोलण्यात अदबशीर. कपाट आवरताना कॅमेरा हाताशी आला, आता काय करायचाय म्हणून विकायला काढला, असं त्यांनी सांगितलं.

“लय जपून ठेवलाय मॅडम. पोरीच्या लग्नात दोन-तीनशे फोटो काढले असतील. तवापासून कपाटातच हाय,” ते म्हणाले.

त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. टीपॉयवरच्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे एकदा बघितलं आणि आत गेल्या. मी निघाले तेव्हा गार्डसाहेब फाटकापर्यंत पोचवायला आले, काकू काही बाहेर आल्या नाहीत. बिल मागितलं तर ते शोधून पाठवतो म्हणाले. मी कॅमेरा घेतला खरा, पण बसमध्ये बॅग मांडीवर धरून बसले तेव्हापासूनच मन थाऱ्यावर नव्हतं.

घरी आल्यावर अंगणातल्या जास्वंदीचा पहिला फोटो काढला. कॅमेरा प्रत्येक फोटोला ओळीने नंबर देत जातो. जास्वंदीला नंबर पडला सात हजार चारशे बारा. दोन-तीनशे कुठं आणि सात हजार कुठं? मी गार्डसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, कंपनीतूनच तसा नंबर येत असेल. बिलाचं विचारलं तर अजून शोधतोय म्हणाले.

मग मी कॅमेरा पहिल्यांदा नीट न्याहाळला. अंगठा टेकतो तिथलं रबर घासून गुळगुळीत झालं होतं. आभाळाचा फोटो काढला की दरवेळी एकाच जागी करडा डाग उमटत होता. आणि डोळा लावतात त्या रबराच्या खाचेत लालसर भुकटी बसली होती. कानकोरणीला कापूस गुंडाळून पुसलं तर कापूस लाल झाला.

शाळेत चित्रकलेच्या सरांना मी हे सांगितलं. त्यांनी उलट विचारलं, देवगाव फाट्याला त्यांच्या पुतण्याच्या लग्नात फोटोग्राफरची अख्खी बॅग चोरीला गेली होती, ते मला माहीत आहे का. मंगल कार्यालयातून असे कॅमेरे जातात आणि दोन-चार हात फिरून विकले जातात, असं त्यांचं म्हणणं. झालं. माझ्या संशयाला आकार आला. घासलेलं रबर लग्नाच्या सीझनमुळे, लाल भुकटी नवरीच्या मेकअपची, आणि बिल सापडत नाही कारण बिल नाहीच. मी कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलं. आठ दिवस तो शाळेत न्यायची हिंमत झाली नाही. कुणी ओळखला तर काय सांगणार?

नवऱ्याने सुचवलं, आधी दाखवून तरी आण. म्हणून परभणीला कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे गेले. आतल्या काचेवर धूळ बसलीय, साफ करावी लागेल, असं म्हणून तो कॅमेरा घेऊन पडद्यामागे निघाला. मी पडद्याशी जाऊन उभी राहिले. आतली चांगली वस्तू काढून दुसरीच बसवली तर? त्याने दोनदा बसायला सांगितलं. मी बसले नाही. त्याला राग आला असावा, पण काम त्याने माझ्या डोळ्यांसमोर केलं. मग लॅपटॉपला जोडून कॅमेऱ्याचं शटर आजवर किती वेळा उघडलं ते काढून दाखवलं. सत्तेचाळीस हजारांच्या वर आकडा होता. फोटोचे नंबर दहा हजारांशी आले की पुन्हा एकपासून सुरू होतात, म्हणून मला सातच हजार दिसले होते.

“हा घरातला कॅमेरा न्हाई मॅडम. ह्याच्यावर कुणीतरी रोज काम केलंय,” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा पूर्णेला गेले, न कळवता. कळवलं असतं तर त्यांना गोष्ट रचायला वेळ मिळाला असता, असा माझा हिशेब. गार्डसाहेब ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून हसले, आत नेलं. मी बसल्या बसल्या कॅमेरा टीपॉयवर ठेवला आणि तो आकडा सांगितला.

आधी त्यांना समजलंच नाही. समजल्यावर त्यांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षं आपण गाड्यांवर ड्यूटी केली, कुणाच्या एका पिशवीला हात लावला नाही, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. मग त्यांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली. लग्नातले एवढे, हैदराबादला गेलो तेव्हाचे एवढे. तीनशेच्या वर आकडा जाईना. त्यानंतर कॅमेरा कपाटात, कपाटाची किल्ली हिच्याकडे.

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कपाळावर मोठं, ठसठशीत कुंकू होतं, टिकली नव्हे, बोटाने लावलेलं. मी ते कुंकू बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. गार्डसाहेबांच्या अजून आलं नव्हतं. त्या क्षणी मी काहीतरी सारवासारव करून उठायला हवं होतं. बघू, मशीनच चुकलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण खरं काय ते ऐकल्याशिवाय मला राहवेना. मी म्हणाले, डोळ्याच्या रबराला कुंकू लागलं होतं.

काकूंनी ट्रे खाली ठेवला. “मीच काढलेत फोटो,” त्या म्हणाल्या.

मुलगी सासरी गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं. गार्डसाहेब ड्यूटीवर गेले की दोन-दोन दिवस नसत. एकदा शेजारच्या बाईला बँकेच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता आणि तिला स्टुडिओत जायचा संकोच वाटत होता. काकूंनी कपाट उघडलं, भिंतीला पांढरी चादर लावली आणि जमेल तसा फोटो काढून दिला. मग दुसरी आली. मग कॉलनीतल्या, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या, बुरख्यातल्या, पदर न सोडणाऱ्या बाया यायला लागल्या. कुणाचा फॉर्म, कुणाचं डोहाळजेवण, कुणाला नुसताच स्वतःचा एक फोटो हवा. बाजारातल्या स्टुडिओत कार्ड दिलं की तिथला माणूस फोटो छापून द्यायचा. सात वर्षं हे चाललं होतं.

गार्डसाहेबांनी एकच विचारलं, “मला का सांगितलं न्हाई?”

“तुमी आले की थकलेले असायचे,” काकू म्हणाल्या. “आन विकायच्या आदी तुमी तरी कुटं विचारलं?”

चहावर साय धरली. मी निघाले तेव्हा गार्डसाहेब मागोमाग फाटकापर्यंत आले आणि हळू आवाजात विचारलं, कॅमेऱ्यासोबत दिलेल्या कार्डात काही फोटो होते का. मी सांगितलं, कार्ड कोरं होतं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी ओळखते, ती माझीच आहे. त्यांना वाटलं, मी काहीतरी बघितलंय आणि लपवतेय. चोरीच्या संशयाने मी त्या घरात गेले आणि तो संशय तिथंच ठेवून आले.

बसमध्ये मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, ताडकळस यायच्या आत नवी शंका आली. फॉर्मच्या फोटोंनी सत्तेचाळीस हजार होतात का? काकूंनी नवऱ्याला वाचवायला गोष्ट रचली नसेल कशावरून? आमच्या शाळेच्या लिपिकबाईंची बहीण पूर्णेला दिली आहे. मी लिपिकबाईंना सहज विचारल्यासारखं करून चौकशी करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बहिणीने फोटोचाच फोटो पाठवला. तिच्या सासूचा होता. सासू दोन वर्षांपूर्वी गेली, आणि घरात तिचा एवढाच एक फोटो आहे. म्हातारी खुर्चीत बसलीय, पदर नीट करता करता काहीतरी आठवून हसू आल्यासारखी. काकू एका फोटोसाठी तीस-चाळीस वेळा बटन दाबायच्या, असं ती बहीण सांगत होती. बाई बोलायला लागेपर्यंत, कॅमेरा विसरेपर्यंत थांबायच्या. गार्डसाहेबांची गाडी यायची वेळ झाली की चादर काढून घडी घालायच्या.

मी तो फोटो बराच वेळ बघत बसले. मी त्या कॅमेऱ्याने तोवर एक जास्वंद, थोडं आभाळ आणि दुरुस्तीवाल्याची पावती, एवढंच काढलं होतं.

मी पूर्णेला फोन केला. कॅमेरा परत घ्या म्हणाले. गार्डसाहेबांनी व्यवहार झाला तो झाला असं तोडून सांगितलं आणि फोन बायकोकडे दिला. काकू म्हणाल्या, “ताई, चोरून वापरायचा कटाळा आलता मला. घ्यायचा आसंल तर ह्यांनी मागून घ्यावा.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

चार महिने काही झालं नाही. मी कपाशीवरचे किडे टिपले, मुलांना दाखवले. कॅमेरा उत्तम होता. मग एका शनिवारी शाळा सुटताना शिपाई सांगत आला, पूर्णेचे पाहुणे आलेत. दोघंही होते. गार्डसाहेबांच्या हातात एक जुनी फाईल होती. त्यात कॅमेऱ्याचं बिल होतं.

“आदी बिल घ्या,” ते म्हणाले. “मग हिचा कॅमेरा द्या.”

‘हिचा’ म्हणताना त्यांनी बायकोकडे बघितलं नाही. व्यवहार जसा झाला होता तसाच उलटा फिरवायचा ठरला. मी त्यांना घरी नेलं, कॅमेरा काढून काकूंपुढे ठेवला. वाटलं, त्या तो जवळ घेतील, डोळ्यांत पाणी येईल. तसलं काही झालं नाही. त्यांनी आधी लेन्स काढून उजेडाकडे धरून बघितली. मग कमरेच्या बटव्यातून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि तिच्यावरचे आकडे लेन्सवरच्या आणि कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबरांशी ताडून पाहिले. दारातून आभाळाचा एक फोटो काढून बघितला आणि डाग कुठं गेला, असं विचारलं. साफ करून घेतला म्हटल्यावर, कुणाकडून, तुम्ही समोर होता का, असंही विचारलं. मी पडद्याशी उभी राहिले होते हे सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

“वाईट वाटून घेऊ नका ताई,” त्या म्हणाल्या. “वस्तू दुसऱ्याच्या घरात राहून आली की बघून घ्यावं लागतं.”

मला मुळीच वाईट वाटलं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांच्याशी बोलावंसं वाटलं. पण पूर्णेची गाडी चारची होती.

त्यानंतरचं मला लिपिकबाईंच्या बहिणीकडूनच कळतं. पांढरी चादर आता पुढच्या खोलीत कायमची लावलेली असते. सुरुवातीला बाया येईनात, कारण घरात पुरुष माणूस बसलेला. तेव्हा गार्डसाहेबांनी आपणहून ठरवलं की दुपारी दोन ते चार स्टेशनवर जाऊन बसायचं. जुने सोबती भेटतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघतात. बाया आता पूर्वीसारख्या येतात. फक्त आठवड्यातून एखादा दिवस असा असतो की गार्डसाहेब तीनलाच परत येतात, छत्री विसरली म्हणून. एप्रिल महिन्यातसुद्धा. बाया पदर सावरतात, काकू कॅमेरा खाली ठेवतात. ते खोलीत एक नजर टाकतात, कोपऱ्यातली छत्री उचलतात आणि पुन्हा स्टेशनकडे जातात.